गाठीची चूल

ऐका हो ऐका. घोटावडे, उरवडे आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरील सर्व लहानथोरांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, या पंचक्रोशीत खऱ्याखोट्याचा निवाडा करणारे जे एकमेव खाते होते, ते कायमचे बंद झाले आहे. सबब यापुढे ज्याला जी थाप मारायची असेल ती त्याने खुशाल मारावी. वाघाला डोळा भिडवला म्हणावे, भुताबरोबर विडी ओढली म्हणावे, पुण्याच्या कलेक्टराने उठून आपल्याला खुर्ची दिली म्हणावे. हटकणारा माणूस आता राहिलेला नाही हो.

दत्तू, दवंडी कशी झाली? आवाज चांगला लागला होता. चावडीपासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत मी ती मनातल्या मनात दिली. शेवटचा 'हो' अर्धाच सोडून माझ्या दुकानात शिरलो आणि समोर दिसलं त्या सायकलच्या चाकात हवा भरत बसलो. सायकल कोणाची तेही पाहिलं नाही. ट्यूब फुटल्यावर कळलं, माझीच होती.

काल तुझा दहावा झाला. लोक म्हणतात, दत्तू आता मोकळा झाला. मला तसं वाटत नाही, कारण तू अजून खोकतोस.

वाचणाऱ्यांना हा खोकला माहीत नाही, म्हणून तुझ्यासमक्ष त्यांना सांगून टाकतो. गावच्या जत्रेच्या नाटकात मी राजा व्हायचो आणि तू पडद्यामागे बसून आम्हाला शब्द सांगायचास. मला लिहून दिलेलं भाषण कधी पुरलं नाही. प्रधानाला हुकूम देता देता मी मध्येच म्हशींच्या बाजारावर बोलायला लागायचो, लोक खूश व्हायचे, आणि पडद्यामागून तू खोकायचास. एकच खोकला, कोरडा. त्याचा अर्थ, राजे, आता पुरे, मूळ पदावर या. नाटकं संपली, दोघांच्या मिशा पिकायला लागल्या, तरी तुझा खोकला राहिला. माझ्या दुकानात दूधवाले पंक्चर काढायला जमायचे, मी वाघाची गोष्ट लावायचो, आणि वाघ माझ्यापासून दोन हातांवर आला की बाकावरून तू खोकायचास. वाघ लगेच शंभर पावलं मागे जायचा.

परवा तसेच दूधवाले जमले होते. आठ दिवस मी गप्प होतो, त्यांनाच ते सोसेना, म्हणून त्यांनी वाघ मागितला. मी सुरू केलं. करवंदीची जाळी, अंधारून आलेलं, जाळीत दोन डोळे. तिथं मी सवयीनं थांबलो. बाक रिकामा होता. आणि दत्तू, तुझी शपथ घेऊन सांगतो, बाकाच्या बाजूनं खोकला आला.

एकानं विचारलं, "मंग फुडं?"

मी म्हणालो, "फुडं काय न्हाई. तरस होतं. माझ्याआधी तेच पळालं."

इतक्या वर्षांत त्या गोष्टीचा असा कचरा कधी झाला नव्हता. दूधवाले न हसता पैसे देऊन गेले. जाताना एक जण माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघून गेला.

खोकलाच नव्हे. तिन्हीसांजेला तुझ्या घरावरून जाताना लोणी कढवल्याचा वास येतो. कढत आलेल्या लोण्यात विड्याचं पान टाकल्यावर येतो तो, अगदी शेवटचा, खरपूस. तुझ्या घरात गेल्या पावसाळ्यापासून लोणी कढवलेलं नाही हे मला माहीत आहे, गावाला माहीत आहे, आणि ते का, हे तर तालुक्याला माहीत आहे. मी बायकोला मुद्दाम सोबत नेलं आणि विचारलं, कसला वास येतोय? ती म्हणाली, शेणाचा. मी पुन्हा विचारलं नाही.

आपल्या दोघांत तूच शिकलास. पुण्याला गेलास, तिथून मुंबईला, मोठ्या प्रयोगशाळेत लागलास. गावानं विचारलं, काय करतोस? तू म्हणालास, उंदरांच्या गाठी तपासतो. गावाला बरेच दिवस वाटत होतं की तुला नोकरी लागलेलीच नाही आणि घरचे अब्रूसाठी काहीतरी सांगतात. पारूवहिनी मात्र नवऱ्याला कोणी हसलं की हसणाऱ्याला सुनवायच्या. स्वतः त्या मुंबईला कधी राहिल्या नाहीत. शेत, म्हशी आणि लेक शालन, या तिघींना सोडून त्यांचा पाय निघत नसे. पण मुंबईकडे जाणारा एकही माणूस त्यांनी रिकाम्या हातानं जाऊ दिला नाही. लग्नाला चाललेला असो, कोर्टाला चाललेला असो, त्याच्या हातात तुपाचा डबा पडायचाच. मलाही एकदा तो डबा मांडीवर घेऊन प्रवास करावा लागला. झाकण सैल होतं. मुंबईत उतरलो तेव्हा मी इतका बुळबुळीत झालो होतो की हमालानं धरलं तरी हातातून निसटत होतो.

खोकू नकोस. थोडा तरी बुळबुळीत होतोच.

आंबेमोहोराचा गरम भात आणि त्यावर तूप, एवढं पानात आलं की तुझी सगळी विद्या गळून पडायची. भाताच्या ढिगाला तू बोटानं खळगा करायचास. पारूवहिनी तो भरायच्या. तू मान हलवत नाहीस तोवर त्यांची पळी थांबायची नाही, आणि तू मान लवकर हलवायचा नाहीस.

तुझ्या त्या व्याख्यानाची गोष्ट मी लोकांना शंभरदा सांगितली असेल, पण नेहमी हसण्यासाठी. आज ती तुला सांगतो आहे आणि हसू येत नाही.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात तू सुट्टीवर आला होतास. मी हट्ट धरला की उंदरांचा सोक्षमोक्ष एकदा गावापुढं लावच. शाळेच्या अंगणात सतरंज्या पडल्या, आबा पाटील अध्यक्ष झाले, मी सूत्रधार. तू बोललास मात्र छान. म्हणालास, गाठ म्हणजे बाहेरचं कोणी नव्हे. आपल्याच अंगातल्या बारीक बारीक पेशी, फक्त त्यांना थांबायचं कळत नाही. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. प्रत्येक नव्या पेशीला नवी भिंत लागते. ही भिंत मातीची नसते, चुन्याची नसते, ती स्निग्धाची असते. चरबीची म्हणा. म्हणून गाठीला चरबीची फार भूक असते.

आणि इथं तू थांबलास. पाण्याचा तांब्या उचललास. मोठं वाक्य टाकायच्या आधी थांबावं, ही खुबी तू माझ्याकडूनच उचलली होतीस. तेवढ्यात संध्याकाळच्या एस.टी.चा भोंगा वाजला.

सभेतली निम्मी माणसं दुधाची. त्या गाडीवर कासंड्या चढल्या नाहीत तर दूध नासणार. निम्मी सभा उठली, तिच्यामागोमाग उरलेलीही उठली. पारूवहिनीही उठल्या, पदर खोचत थांब्याकडे धावल्या. तू तांब्या खाली ठेवलास आणि राहिलेलं सांगितलंस. ही चरबी गाठ बाहेरून येण्याची वाट पाहत नाही. ती बहुतेक आपली आपण बनवते. तूप खा, नका खाऊ, तिचं काम चालूच असतं. हे ऐकायला आम्ही तिघं होतो. मी, डुलक्या घेणारे आबा पाटील, आणि सतरंज्या मोजून घ्यायला थांबलेले हेडमास्तर.

पहिलं अर्धं वाक्य मात्र कासंड्यांबरोबर टपावर बसून गेलं. पिरंगुटला पोचलं, पौडला पोचलं. आठवडाभरात तालुक्यातल्या प्रत्येक आजाऱ्याचं तूप बंद. गालगुंड झालेल्या पोरांचं सुद्धा. तू भेटेल त्याला धरून उरलेलं वाक्य सांगत होतास. लोक हात जोडून ऐकत आणि म्हणत, व्हय सायेब, पर तुमीच म्हनला हुता की, गाठीला चरबी लागती.

तेव्हा आपण दोघं पोट धरून हसलो होतो.

मग तुझ्याच पोटात ती निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि होतं तसं शिवून टाकलं. पावसाच्या तोंडावर तू ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरलास. ट्रंक मी उचलली, आणि तूही जवळपास तिच्याएवढाच हलका वाटलास. त्याच दिवशी पारूवहिनींनी घरातलं होतं नव्हतं तूप देवळात दिवाबत्तीला देऊन टाकलं. ताक घुसळायची रवी वर टांगली. दूध सगळं पुण्याला.

तू पानावर बसलास, भाताला खळगा केलास आणि वाट पाहिलीस. पळी आली ती वरणाची.

मग तू त्यांना समजावायला घेतलंस. माझ्यासमोर, शांतपणे, अगदी राहिलेल्या अर्ध्या वाक्यापासून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, ह्यांचं काय मनावर घिऊ नगा. तूप पायजे म्हून शास्तर फिरवाय लागल्यात."

मी इतका हसलो की मला ठसका लागला. तूही हसलास. पण वहिनी हसल्या नाहीत.

तेव्हापासून ते रोजचं झालं. पान वाढलं की तू दरबारात फिर्याद मांडावी तसा म्हणायचास, "भात कोरडा आहे." त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवाळी आली, संक्रांत गेली, तुझा आवाज बसत गेला, घास दोनावर आला, तरी फिर्याद चुकली नाही. मला वाटे, हावरा कुठला, एवढं होऊनही तुपाचा सोस जात नाही. आणि खरं सांगू, तेवढ्यानं मला धीर यायचा. ज्याला तूप हवंय तो माणूस कुठं जातोय, असं वाटायचं.

आपलं भांडण आठवतंय ना? ओट्यावर तू कांबळ्यावर आडवा, मी उंबऱ्याशी. मी म्हणालो, तुला कसं कळलं की गाठ आपली आपण चरबी करते? तू काय तिच्या स्वयंपाकघरात जाऊन आलास?

"तेच तर करतो आम्ही," तू म्हणालास. धनगर आपल्या मेंढीला गेरूची खूण करतो, मग ती कुठल्याही कळपात घुसली तरी ओळखू येते. तसं साखरेच्या कणाला खूण करता येते, डोळ्याला न दिसणारी, पण यंत्राला दिसणारी. ती साखर गाठीच्या तुकड्याला द्यायची. मग त्या तुकड्यातली चरबी वेगळी काढायची आणि बघायचं. खूण चरबीत सापडते. तुपाचा थेंबसुद्धा दिलेला नसतो. म्हणजे साखर आत गेली आणि चरबी होऊन बसली. गाठीच्या घरात चूल आहे, बाबू, तू म्हणालास, आणि ती पेटती आहे.

मी म्हणालो, चूल कुणाच्या घरी नसते?

यावर तू खूश झालास. तापानं लाल झालेले डोळे चमकले. म्हणालास, शाबास, प्रश्न बरोबर विचारलास. चूल चांगल्या पेशीतही असते. यकृतात तर मोठी. पण बाहेरून तूप आलं की चांगली पेशी आपली चूल मंद करते. घरात आयतं आलंय, कशाला कढवा. गाठीच्या पेशीला ती समज राहिलेली नसते. दारात डबे येऊन पडोत की न पडोत, ती कढवतच राहते.

मी म्हटलं, मग बाहेरून आलेलंही ती खातच असेल की. म्हणजे वहिनींचं बरोबर.

इथं दुसरा कोणी असता तर त्यानं मला गप्प केलं असतं. तू मात्र आधी वर वाशांकडे बघून घेतलंस. मग म्हणालास, खात असेल थोडंफार. किती, ते अजून आम्हाला नीट कळलेलं नाही. पण तूप बंद केल्यानं ती उपाशी राहत नाही, मी राहतो. मी म्हटलं, साखर बंद केली तर? तू म्हणालास, तर आधी मी जाईन, ती माझ्यानंतर. मी म्हटलं, मग चुलीतच पाणी ओता की लेको. एवढे उंदीर मारता ते कशासाठी?

"ओतेल कोणीतरी," तू म्हणालास. "चुलीत पाणी पडेल आणि घर भिजणार नाही, अशी युक्ती सापडायला हवी. मी नसेन तेव्हा."

मी लगेच एक युक्ती सुचवली, काहीतरी अचाट. त्यात कांदा होता एवढं आठवतं. तू खोकला नाहीस. बाही वर केलीस आणि दंड माझ्यापुढं धरलास. त्यावर कातडं होतं आणि आत हाड. म्हणालास, आमच्या पिंजऱ्यात असंच होतं. उंदीर वाळत जातो, गाठ वाळत नाही. सकाळी पिंजऱ्यापाशी गेलं की तो अंग चोरून बसलेला असतो आणि आपल्याकडे बघतो. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघत होतो, बाबू. आता तो कुठून बघत होता ते कळलं.

ते वाक्य मला विसरता येत नाही. दुकानात चाकाचे आरे सरळ करताना मध्येच मला त्या आऱ्यांमागे कोणीतरी अंग चोरून बसलेलं दिसतं.

त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, वहिनी गोठ्यात धारेला बसल्या. गोठा आणि ओटा यांच्यामध्ये कुडाची भिंत, पलीकडलं सगळं ऐकू येतं. धार वाजत होती. मग थांबली. त्या म्हशीशी बोलत होत्या. आवाज अगदी रोजचा, जरा बाजूला हो म्हणावं तसा.

"तुजंच तूप गं बाई. डबं भरून भरून म्याच धाडलं. ती गाठ म्याच पोसली."

आणि धार पुन्हा वाजायला लागली.

मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तू हाक मारशील, समजावशील. तू डोळे मिटून पडून होतास. डोळे न उघडताच म्हणालास, "ऐकलंस?"

मी मान हलवली.

तू म्हणालास, तुला काय वाटलं, मी तुपासाठी भांडतोय? जिभेची चव जाऊन किती दिवस झाले. तूप काय आणि पाणी काय, मला सारखंच. पण हिनं ते अर्धं वाक्य खरं धरलंय. गाठ तुपावर वाढते असं धरलं की मग इतकी वर्षं धाडलेला एक एक डबा हिला आठवणार. मी गेल्यावर तर ती दुसरं काही करणारच नाही. मला फक्त एवढं हवंय की हिनं एकदा आपल्या हातानं भातावर तूप घालावं. घातलं की समज, तिनं मानलं, की तिच्या हातून काही झालं नाही.

दत्तू, मी तुझ्यासमोर आयुष्यभर बडबडलो. त्या वेळी नुसतं तुझ्या अंगाखालचं कांबळं सारखं केलं. रोज दोनदा तू फिर्याद मांडत होतास आणि ती तिच्यासाठी होती, मी तुला हावरा समजत होतो.

"माझ्याच्यानं आता होत नाही," तू म्हणालास. "तू सांग तिला."

मी म्हटलं, मी? अरे, मला तालुका थापाड्या म्हणतो.

"म्हणून तर. तू माझ्यासमोर थाप मारलीस की मी खोकतो, हे तिला माहीत आहे."

"आणि तू नसलास म्हणजे?"

तू हसलास. ते हसू तुझ्या तोंडावर जरा मोठंच झालं होतं, गाल उरले नव्हते म्हणून. म्हणालास, "असेनच की. खोटं बोललास तर खोकेन."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू गेलास. शेवटच्या पानावर फिर्याद मांडायलाही आवाज नव्हता. नुसता भाताकडे बघितलंस आणि मग वहिनींकडे. त्यांनी तोंड फिरवलं.

मी त्यांना सांगायला रोज गेलो. खरंच गेलो. पण घर माणसांनी भरलेलं. आणि गर्दी नसती तरी काय झालं असतं? साधं वाक्य मला येत नाही रे. माझ्या वाक्याला आधी पडदा वर जावा लागतो. मी ओट्यावर जुळवाजुळव करत बसायचो, वहिनी पुढ्यात चहा ठेवायच्या, मी तो पिऊन परत यायचो. त्यांचे डोळे कोरडे होते. रडत असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या भिंतीवरच्या फळीकडे बघत बसलेल्या असायच्या. फळीवर रिकामे डबे होते, मुंबईहून परत आलेले, घासून ओळीनं पालथे घातलेले.

मग कालची नदी. गुरुजींनी पिंड मांडले. शेजारी वहिनींनी केळीच्या पानावर तुझ्या आवडीचं सगळं मांडलं. भरीत, ज्वारीची भाकरी, दही, आणि मधोमध आंबेमोहोराचा भात. सगळे मागे सरून उभे राहिलो. करंजावर कावळे होते, भरपूर. एकही उतरेना.

आपल्याकडे मग जे सुरू होतं ते सुरू झालं. गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखून मोठ्यानं कबूल करायचं. तुझे थोरले बंधू आप्पा पुढं झाले. म्हणाले, शालनला शिकवू, अर्ध्यात लग्न लावणार नाही. कावळा हलला नाही. म्हणाले, म्हशी विकणार नाही, ओढ्याकाठचं वावर पारूच्या नावावर करू. एक कावळा फांदीवर सरकला, इतकंच. ऊन चढत चाललं. आबा पाटलांनी डोक्यावरचा पटका सारखा केला आणि गंभीरपणे म्हणाले, "दत्तूसायेब, तुमच्या मुंबईच्या उंदरांचं बी आमी बघू." कोणी हसलं नाही. लोक म्हणाले, व्हय, बघू.

वहिनी एका बाजूला उभ्या होत्या. त्या कावळ्यांकडे बघतच नव्हत्या. खाली बघत होत्या, आणि मला त्यांचा चेहरा वाचता येत होता. तो कावळा आपल्यामुळंच येत नाही, असं त्यांनी धरलं होतं.

कावळा पुढं शिवला. पण मला तुला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

मी पुढं गेलो. माझ्या नावाची एवढी ख्याती की मी पाऊल उचलल्याबरोबर दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आता हा इथंही नाटक करणार. मी नदीकडे तोंड करून बोललो नाही, कावळ्याकडेही नाही. वहिनींकडे बघून बोललो. म्हणालो, वहिनी, तुम्ही त्या दिवशी गाडीसाठी उठलात, अर्धं वाक्य राहिलं. ते असं होतं. गाठ आपली चरबी आपण करते. तिची चूल तिच्याच घरात असते. तुमच्या डब्यांनी ती आली नाही, तुमच्या डब्यांनी ती वाढली नाही. तुमच्या तुपाची तिनं वाटही बघितली नाही. दत्तू भात कोरडा आहे म्हणायचा ते तुपासाठी नव्हे. तुम्ही स्वतःला दोष देऊ नये म्हणून म्हणायचा. गोठ्यातलं तुमचं बोलणं आम्ही दोघांनी ऐकलं होतं.

इतकंच. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण.

मग मी थांबलो. सवयीनं. आणि कान देऊन उभा राहिलो. दत्तू, मी इतकं कधी काही ऐकायचा प्रयत्न केलेला नाही. पाणी दगडांवरून जात होतं. पलीकडल्या शिवारात कोणीतरी बैलांना हाकत होतं. वहिनीही ऐकत होत्या. मान किंचित कलती करून, माझ्यासारख्याच. आम्ही दोघं त्या खोकल्याची वाट बघत उभे होतो.

खोकला आला नाही.

त्यांनी हळूच मान सरळ केली. पानाकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कोणी वाढलं होतं. पहाटे उठून इतकं सगळं रांधलं, पण हाताला पावसाळ्यापासूनची सवय. भाताचा ढीग पांढरा फटफटीत, वर काही नाही. त्या तरातरा पुढं आल्या. गुरुजींच्या पुढ्यात विधीसाठी ठेवलेली तुपाची वाटी उचलली. गुरुजी काहीतरी म्हणू लागले, ते तसेच राहिले. वहिनींनी गुडघे टेकले, भाताच्या ढिगाला बोटानं खळगा केला, तू करायचास तसा, आणि सबंध वाटी त्यात उपडी केली. तूप भरून वाहिलं, भरताखाली गेलं, पानावरून वाळूत उतरलं. मग त्या तशाच, तुपाच्या हातांनी, समोरच्या रिकाम्या वाळवंटाकडे बघून सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात तुझ्यावर खेकसल्या:

"अवो, मंग सांगायचं न्हाई व्हय, भात कोरडा हाय म्हून!"